चालूच ठेवलेला ट्रॅक्टर

इतकी वर्षं झाली, नोकरीही संपली, तरी तो निळा मिनी ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हटलं की तोंडात आधी हीच येते. कोणाचं नाव लिहीत नाही, ठाण्याचंही नाही. माणसं अजून आहेत आणि आपापल्या घरी सुखात आहेत.

मी तेव्हा बडोद्यात ए.एस.आय. होतो, तिकडच्या बोलीत जमादार. माझी शाळा लवकर सुटली. खानदेशातून मामाच्या मागोमाग इकडे आलो, गोरव्याच्या एका वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं धुतली, पुसली, हळूहळू उघडायला शिकलो, आणि तिथूनच शिपाई भरतीत लागलो. त्या काळी तेवढ्या शिक्षणावर जमून गेलं. या शहराने परक्या मुलुखातल्या माणसाला वर्दी दिली, घर दिलं, हे मी विसरत नाही. पण स्वभाव घाबराच राहिला. एखाद्याला ठाण्यात बसवलं की मी त्याचे कागद पुन्हा पुन्हा चाळत बसायचो. चुकीच्या माणसाला तर नाही ना आणलं, हा विचार सुटायचा नाही.

खबर आली ती खबऱ्याकडून नाही, वासणा भागातल्या आमच्या घरी, चहाच्या कपाबरोबर. रिफायनरीत काम करणारा, आमच्याच खानदेशातला एक जण सुटीच्या दिवशी आला होता. त्याला गावी भावासाठी जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचा होता.

“दादा, एक विचारतो, हसू नका,” तो म्हणाला. “जुना ट्रॅक्टर विकणारा माणूस तो बंद का करत नसेल?”

“म्हणजे?”

“दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा आपलं धडधड धडधड चालूच. म्हटलं, बंद करा, मी तासाभराने येतो, थंड झाल्यावर बघू. तर म्हणे, भाई, आपलं मशीन कामाचं आहे, ते चालूच असतं.”

ज्याने जुनं डिझेल इंजिन घेतलं आहे त्याला यातली मेख कळेल. घेणारा माणूस आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. इंजिन गार असलं पाहिजे. गार इंजिन खोटं बोलत नाही: किती वेळ घेऊन लागतं म्हणजे सुरू होतं, पहिला धूर पांढरा की निळा की काळा, ठोका कसा येतो, सगळं त्या पहिल्या मिनिटात दिसतं. गरम इंजिन म्हणजे पावडर लावून दाखवायला बसवलेली नवरी. म्हणून विकणारे कधीकधी आधीच गरम करून ठेवतात. पण ते निदान बंद तरी करतात.

“आणि इंजिनावरचा नंबर?” मी विचारलं.

“गंजलाय म्हणे. आता सांगा, सगळीकडे ताजा रंग आणि गंज तेवढा नंबरावरच बसला?”

माझी बायको आतून म्हणाली, “भावोजी, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?”

“गेलो असतो वहिनी, पण तिथे हेलपाटे घालायला लावतात.”

दुसऱ्या दिवशी पी.आय. साहेबांना सांगितलं. ते मितभाषी होते. म्हणाले, “जमादार, ट्रॅक्टर बंद न करणं हा गुन्हा नाही.”

“नंबर घासणं आहे, साहेब.”

त्यांनी डी-स्टाफचे, म्हणजे शोधपथकाचे, दोन जवान साध्या कपड्यांत दिले. आमचा रिफायनरीवाला तिसऱ्यांदा गिऱ्हाईक म्हणून गेला, बरोबर ‘मेव्हणे’ म्हणून हे दोघे. गोरव्याच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडपुढे ट्रॅक्टर उभा होता. अर्थातच चालू. एका जवानाने खाली वाकून चॅसिसवर बोट फिरवलं. निळ्या रंगाखाली ग्राइंडरच्या रेघा हाताला लागत होत्या. ट्रॅक्टर आणि विकणारा, दोघांनाही ठाण्यात आणलं.

माणूस सफाईदार होता. इस्त्रीचा शर्ट, तीन भाषा. सयाजीगंजमध्ये जुन्या स्कूटरींच्या खरेदी-विक्रीचं त्याचं ऑफिस होतं. स्टँपपेपरवरचा खरेदीचा कागद काढून दिला. ज्याच्याकडून घेतल्याचं लिहिलं होतं तो गृहस्थ वारलेला. थोड्याच वेळात त्याचे वकील आले. म्हणाले, नंबर गंजणं हा अपराध नाही, कागद आहे, ताबा आहे, उद्या कोर्टात अर्ज करतो आणि ट्रॅक्टर सोडवून नेतो. त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. घासलेला नंबर प्रयोगशाळेत रसायन लावून उठवता येतो, पण त्याचा अहवाल यायला वेळ लागतो. तोवर ट्रॅक्टर त्याच्या ताब्यात गेला असता, आणि तिथून कुठे गेला असता ते सांगायला नको.

जिल्ह्यातून चोरीला गेलेल्या मिनी ट्रॅक्टरांची माहिती मागवली. त्यातली एक तक्रार पादरा तालुक्याच्या एका गावातल्या एका बाईंची होती. नवऱ्याचा अपघात झाल्यापासून शेत आणि ट्रॅक्टर दोन्ही त्याच चालवत होत्या. निरोप दिला तशा नणंदेला घेऊन बसने आल्या. त्यांची फुलकोबीची रोपं लावणीला आली होती आणि जमीन तशीच पडून होती. गावात भाड्याचे ट्रॅक्टर आधी मोठ्या शेतांवर जात. लहान वाफ्यांत ते मावतही नसत.

आल्या आल्या त्या म्हणाल्या, “भाई, दाखवा. मी लांबूनच ओळखीन.”

“आधी नाही बेन. आधी तुम्ही खुणा सांगायच्या, मी लिहून घेणार, मग बघायचं. नाहीतर वकील म्हणतील की बघून सांगितलं.”

त्यांना ते पटलं नाही, पण खुर्चीवर बसल्या. “रंग लाल.”

“रंग सोडा.” रंग तर आता निळा होता. “दुसरं काही?”

“दुसरं काय सांगू? जे आहे ते सगळं बिघडलेलंच आहे.”

“तेच सांगा.”

मग त्या सुरू झाल्या आणि माझा हात दुखायला लागला. डिझेल टाकी पूर्ण रिकामी झाली की लाइनमध्ये हवा भरते, मग पंपाजवळचा स्क्रू ढिला करून हाताने पंप मारत बसावं लागतं. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल दर आठवड्याला चिखल होऊन निघतं. आणि ब्रेक. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात, दोन्ही उजव्या पायाखाली; शेतात वळताना ज्या बाजूला वळायचं तेवढाच दाबायचा.

“आम्ही बांधाच्या कडेने गोल गोल फिरत आत येतो,” त्या म्हणाल्या, “कायम डाव्या हाताला. त्यामुळे डावा ब्रेक खलास. त्याचं पेडल बघा, ताटलीसारखं गुळगुळीत झालंय. उजव्याचे दाते अजून बुटाला टोचतात. गेल्या दिवाळीआधी डावी लायनर बदलली. तेव्हा कव्हराचा एक बोल्ट तुटला, तसा मिळाला नाही, तर मिस्त्रीने भोक मोठं करून जाडा घातला. बाकी सगळ्यांना एक पाना लागतो, त्याला वेगळा.”

नणंद म्हणाल्या, “त्या दिवशी भाभीने मिस्त्रीला इतकं सुनावलं की तो जेवला नाही.”

“जेवला. तीन रोटले खाल्ले.”

इकडे साहेब विकणाऱ्याशी बोलत होते. ओरडणं त्यांना माहीत नव्हतं. चहा मागवत आणि शेजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारत. मी लिहायला जाऊन बसलो. वकील बाजूला होते.

“किती वर्षं चालवता?”

“सहा वर्षं, साहेब. माझी वाघोडियाकडे थोडी जमीन आहे.”

“ड्रायव्हर?”

“ठेवतच नाही. स्वतः चालवतो. शेताची आवड.”

“काही त्रास?”

“एक तक्रार नाही. एक नंबर मशीन. आजपर्यंत पाना लावला नाही.”

मी चाचरतच विचारलं, “थंडीत सकाळी लागतो का पटकन?”

“हो, हो. थोडा चोक खेचायचा की लागलाच.”

माझं पेन थांबलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना इंजिनातलं कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता.

चोक असतो पेट्रोलच्या इंजिनाला. जुन्या स्कूटरी विकून ज्याचा जन्म गेला त्याच्या तोंडी चोक बसलेला असतो. डिझेल ट्रॅक्टरला चोक नसतोच. पण या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगपाशी एक काळी मूठ होती, ओढायची, हुबेहूब चोकसारखी. ती डिझेल तोडायची मूठ. चावी फिरवून हे इंजिन बंद होत नाही. ती मूठ बाहेर ओढली की डिझेल थांबतं आणि इंजिन मरतं. पुन्हा सुरू करायचं तर आधी ती आत ढकलावी लागते. तो ट्रॅक्टर बंद का करत नव्हता ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. बंद कसा करायचा हेच त्याला ठाऊक नव्हतं!

“कुठला चोक?” मी विचारलं.

“ती काळी मूठ. खेचायची.”

साहेबांना बाहेर नेऊन समजावलं. ते म्हणाले, “जमादार, नक्की? वकील बसलाय. उद्या कोर्टात आपलं हसं व्हायला नको.” मी म्हटलं, “नक्की, साहेब.”

पंच बोलावले. साहेबांनी वकिलांना विचारलं, “तुमचे अशील सहा वर्षं चालवतात म्हणतात. एकदा सुरू करून दाखवतील?” वकील म्हणाले, “का नाही? दोन मिनिटांचं काम.” ठाण्याच्या आवारात ट्रॅक्टर उभा होता. आणल्यानंतर आमच्या जवानाने बंद केलेला, आता पार गार. बाई आणि नणंद कडुलिंबाखाली उभ्या.

तो रुबाबात चढला. काळी मूठ आधीच बाहेर होती, तीच खसकन खेचली. चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. इंजिन फिरत राहिलं, लागलं नाही.

“थंड आहे,” तो म्हणाला. मूठ आणखी ओढली. घर्र, घर्र. सायलेन्सरमधून धुराचा ठिपकासुद्धा नाही; डिझेल पोचतच नव्हतं तर धूर कुठला? शिपाई जमले. नोंदी घेणारा पी.एस.ओ.सुद्धा टेबल सोडून दारात आला.

“जरा धक्का मारा ना कोणी,” तो म्हणाला.

शेवटी बाईंना राहवलं नाही. “अरे, बॅटरी उतरवाल माझी! उतरा खाली.”

साहेबांनी मान हलवली. बाईंनी साडीचा पदर खोचला, चढल्या, तळहाताने ती मूठ ठप्प करून आत ढकलली, क्लच दाबला, चावी फिरवली. दोन घरघर, एक पांढरा भपका, आणि धडधड सुरू. मग साऱ्यांकडे बघत त्यांनी मूठ ओढली आणि बंद केला. पुन्हा सुरू केला. पुन्हा बंद. आमच्या एका हवालदाराने टाळी वाजवली आणि साहेबांकडे बघून हात मागे घेतला.

वकील खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. नंतर म्हणाले, “चालवता येणं म्हणजे मालकी नव्हे.”

“बरोबर,” साहेब म्हणाले. “म्हणून आता ब्रेक उघडू.”

जवळच्या गॅरेजचा मिस्त्री बोलावला. तो यायच्या आधी बाईंनी दिलेला जबाब पंचांना वाचून दाखवला. डावं पेडल गुळगुळीत, उजव्याचे दाते शाबूत, हे पंचांनी बोट लावून पाहिलं. मिस्त्रीने डाव्या कव्हराचे बोल्ट सोडायला घेतले. एक सुटला, दुसरा सुटला, सगळ्यांना तोच पाना. मग एकाशी तो अडला. पाना बसेना.

“याला दुसरा लागेल,” मिस्त्री म्हणाला. त्याला काही सांगितलेलं नव्हतं.

मागे वळून पाहिलं तर विकणारा पायरीवर बसला होता. मघाशी ट्रॅक्टरवर चढलेला माणूस तो हाच, असं वाटेना. साहेबांनी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. “काय शेठ, पुढचं आत बसून बोलू?”

“बोलू, साहेब.”

बोलला. एक माहीतगार ड्रायव्हर गावांतून ट्रॅक्टर उचलून आणायचा, रोज सकाळी शेडपुढे सुरू करून द्यायचा आणि संध्याकाळी येऊन बंद करायचा. हा फक्त रंग, कागद आणि गिऱ्हाईक बघायचा. ड्रायव्हर त्याच दिवशी बस स्टँडवर सापडला. दुसऱ्या एका शेडमधून आणखी ट्रॅक्टर मिळाले. पुढे काही दिवस आमचं आवार ठाण्यापेक्षा शेतकी प्रदर्शनासारखं दिसत होतं. गावोगावचे मालक यायचे, आपल्या ट्रॅक्टरभोवती फिरायचे, त्याच्या चाकाला लाथ मारून बघायचे आणि हसायचे. मोठ्या साहेबांनी आमच्या पथकाला शाबासकीचं पत्र दिलं. पी.आय. साहेबांनी त्यात माझं नाव सगळ्यांत वर घालायला लावलं होतं. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पुढे प्रयोगशाळेतून उठवलेला नंबरही बाईंच्या आर.सी.शी जुळला. पण त्याची वाट बघावी लागली नाही. पंचनामा पाहून कोर्टाने त्याआधीच ट्रॅक्टर त्यांच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. त्या सकाळी त्यांनी इंजिनातली पट्टी काढून तेल पाहिलं, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, नणंदेला मडगार्डवर बसवलं आणि वासणा रोडच्या गर्दीतून, रिक्षांना बाजूला सारत, निळा ट्रॅक्टर घेऊन गेल्या. फाटकाशी उभं राहून सगळं ठाणं बघत होतं.

या केसने मला एक गोष्ट शिकवली, ती पुढे नोकरीभर उपयोगी पडली. तोवर मी संशयिताला नाव, गाव, कागद, पावती विचारायचो. ते सगळं पाठ करता येतं. त्यानंतर मी आधी विचारायला लागलो, ‘यात बिघडतं काय?’ खरा मालक आपल्या वस्तूला नावं ठेवतो. ती कुठे अडते, कशाने रुसते, कुणी दुरुस्त करताना काय घाण करून ठेवली, हे तो न थांबता सांगतो. चोर तिची तारीफ करतो, कारण त्याला ती फक्त विकायची असते. जुनी वस्तू घेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. एकही दोष नाही म्हणणाऱ्याचा चहा प्यावा आणि निघावं.

ट्रॅक्टर गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. मी घाबरतच घेतला. वाटलं, पुन्हा काही झालं.

“भाई, अर्धं शेत झालं,” बाई म्हणाल्या. मागे तीच धडधड ऐकू येत होती. “उद्या रोपं लावते. पण तुमच्या मिस्त्रीला सांगा, डावा ब्रेक त्याने इतका घट्ट बसवलाय की वळताना नांगरच उडतो. कसली माणसं ठेवता तुम्ही ठाण्यात?”

मी त्यांची माफी मागितली. फोन ठेवला आणि बराच वेळ एकटाच हसत बसलो.