कुंकू लागलेली सायकल
नव्या टायरच्या रबराचा वास आला की मी अजून रस्ता बदलते. कॉम्प्युटरपुढे बसून बसून माझी पाठ आखडली आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं, तेव्हा मी नवऱ्याबरोबर सदाशिव पेठेतल्या एका दुकानात गेले होते. कॉलेजला मी रोज सायकलनेच जायचे, त्यामुळे मला काय हवंय ते पक्कं ठाऊक होतं. ताठ बसता येईल अशी, रुंद सीटची साधी सायकल. तशी एक कोपऱ्यात उभीही होती. पण दुकानदाराने माझ्याकडे ढुंकूनही न बघता नवऱ्यापुढे एक लालभडक, वाकून चालवायची गिअरची सायकल आणली. “आयटीवाल्या मॅडम हल्ली हीच नेतात.” जन्मात कधी सायकल न चालवलेल्या माझ्या नवऱ्याने आंबा चाचपावा तशी अंगठ्याने सीट दाबली आणि म्हणाला, “मऊ आहे की छान!” मी म्हटलं, “अहो, मला एक चक्कर तरी मारू द्या.” “टायर मळतात,” दुकानदार म्हणाला. तोवर नवऱ्याने घरून आणलेला हार हँडलला घातला, कुंकू लावलं, चाकापुढे नारळही फोडला. घरी पोचेपर्यंत माझी कंबर मोडली. दुसऱ्या दिवशी सायकल परत नेली, तर दुकानदार म्हणाला, “पूजा झालेला माल आम्ही परत घेत नाही.” नवऱ्याने मान डोलावली. “बरोबर आहे त्यांचं.” आता ती गॅलरीत असते. तिच्या हँडलवर नवऱ्याचा ओला टॉवेल वाळतो, आणि आल्यागेल्याला तो हसत सांगतो, “हिला भारी हौस होती. एका दिवसात फिटली.”