झोप म्हटलेलं चाक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्याच माहेरच्या अंगठीपायी घडलं, तरी नाही. आज तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका. आणि मध्ये थांबवूही नका — मला थांबायला निमित्तच हवं असतं.

गंजमाळला दामूअण्णांचं गॅरेज होतं आणि मी त्यांच्या हाताखाली काम करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आणीबाणी उठली त्याच्या आगेमागेच माझं लग्न झालं होतं. लष्करातून लिलावात निघालेल्या जुन्या जिपा आमच्याकडे यायच्या, आणि अण्णांना त्यांचं भारी वेड. ब्रेक लागत नाही, चाक तापतं, ब्रेकच्या ड्रममधून ग्रीस गळतं — जीप उभी राहिली की अण्णा चहा सोडून उठायचे.

त्यांची एक खोड होती. काम झालं की चाक परत बसवून बंद करताना मधल्या हबचा नट आवळायचा. त्या नटाखाली पत्र्याचा वॉशर असतो, त्याची कड छिन्नीने नटावर दुमडायची. मग नट चालत्या गाडीत सैल होत नाही. चाकाचा सगळा भरवसा त्या दुमडलेल्या कडेवर. ती दुमडली की अण्णा ड्रमवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "झोप आता." गिऱ्हाइकं हसायची, आम्हीही हसायचो. पण ते म्हटल्याशिवाय अण्णा तेव्हा एकही चाक बंद करायचे नाहीत.

त्या दिवशी पेठकडच्या एका ठेकेदाराची जीप होती. मागच्या चाकाचं ऑइल सील गेलेलं, ब्रेकचे लायनर ग्रीसने चिंब. अण्णांनी सील बदललं, नवे लायनर बसवले. बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं काम माझं. ते तळहातावर घेऊन दाबून दाबून भरावं लागतं. अण्णा ओरडलेसुद्धा, "अरे नवरदेवा, ती अंगठी काढ आधी!" मी कसली काढतोय! नवीन नवरा मी, मिरवायची होती ना.

मग अण्णांनी चाक बंद केलं आणि ते जेवायला घरी गेले. मी हात धुतले — आणि बोट रिकामं! सासऱ्यांनी ऐपत नसताना केलेली अंगठी. बायकोला काय सांगणार होतो? गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बोल्ट काढले, वॉशरची दुमडलेली कड सरळ केली, नट सोडला, ड्रम ओढला. अंगठी हबमध्ये ग्रीसच्या गोळ्यात होती. जीव भांड्यात पडला.

आणि इथेच — काय सांगू? चाक परत बसवताना ती कड दुमडायला गेलो तर तुटली. नवे वॉशर कपाटात, किल्ली अण्णांच्या कमरेला. थांबायचं होतं. अण्णा आल्यावर सांगायचं होतं, झालं असं असं. काय केलं असतं त्यांनी? दोन शिव्या दिल्या असत्या, आठवडाभर "नवरदेव, अंगठी सापडली का?" म्हणून पिडलं असतं. बस्स. तेवढ्याला मी भ्यालो. तुटका वॉशर तसाच घातला, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून नट आवळला आणि पान खाऊन आलो.

दोन-तीन दिवसांनी ठेकेदार आला. सावळघाटाच्या अलीकडे वळणावर त्याचं चाक ड्रमसकट निघून शेतात गेलं होतं. कुणाला खरचटलंही नव्हतं. बिचारा रागावलासुद्धा नाही. "होतं अण्णा कधीकधी," म्हणाला आणि पिशवीतून नट काढून अण्णांच्या पुढ्यात ठेवला. वॉशर कुठे रस्त्यात पडला, देव जाणे.

अण्णा तो नट हातात फिरवत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने विचारलं असतं ना, तर कदाचित मी बोलून गेलो असतो. पण त्यांनी अगदी हळू, लहान पोराने विचारावं तसं विचारलं, "मी त्याला झोप म्हटलं होतं ना रे?"

"नाही अण्णा," मी म्हणालो. "त्या चाकाला नव्हतं म्हटलं."

काय गरज होती? "आठवत नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं की! पण मी ठाम बोललो, डोळ्याला डोळा देऊन. आणि त्या माणसाने स्वतःच्या आठवणीवर पाणी सोडलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर!

त्यानंतर अण्णा बंद केलेलं चाक पुन्हा उघडून बघायला लागले. एकदा, दोनदा, गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी. दुमडलेली कड पुन्हा पुन्हा बोटाने चाचपायला लागले. एकदा काकूंनी, अण्णांच्या बायकोने, मला विचारलं, "अरे, अर्ध्या वाटेवरून माघारी येतात, कुलूप लावलं का बघायला. काय झालंय रे यांना?" मी म्हणालो, "वय झालं काकू." मी असं म्हणालो.

त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. अण्णांनी छिन्नीला कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि ती उचलून माझ्या हातात दिली. "आता तूच दुमडत जा." दसऱ्यानंतर ते कामावर आले नाहीत. गॅरेज माझ्याकडे आलं. दामूअण्णांनी माणूस छान तयार केला, असं लोक म्हणायचे, आणि मी ते ऐकून घ्यायचो.

पुढे किती तरी वर्षं ते घराच्या ओट्यावर बसून असायचे. मी चिवडा घेऊन जायचो, आज सांगायचंच असं ठरवून. का नाही सांगितलं? भ्यालो, दुसरं काय! शेवटच्या दिवाळीला त्यांनी माझा हात हातात घेतला. "तू खरं बोललास म्हणून बरं झालं रे," म्हणाले. "नाहीतर मी चाकं बंद करत बसलो असतो आणि कुणाचं तरी घर बुडवलं असतं." त्यांचा अंगठा माझ्या अंगठीवर थांबला. "ग्रीस भरताना काढतोस ना ही?"

"काढतो, अण्णा."

त्यांनी माझ्या हातावर थाप मारली, ड्रमवर मारायचे तशी. मी पुढच्या शब्दांची वाट पाहिली. ते आले नाहीत. माझ्या त्या 'नाही'नंतर ते शब्द त्यांनी परत कधी म्हटलेच नव्हते.

संक्रांतीच्या आत अण्णा गेले.

त्यांनी ते चाक नीट बंद केलं होतं. कड दुमडली होती, थाप मारली होती, आणि "झोप आता" म्हटलं होतं. मी शेजारीच उभा होतो. मी ऐकलं होतं.