नकाशातला झिरो

भिलाईच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंगच्या गुंडाळ्या साठायच्या, तसे किस्सेही साठत गेले. गुंडाळ्या पुढे रद्दीत गेल्या, किस्से काही जात नाहीत. त्यातले निम्मे एकट्या नत्थूजी मिस्त्रींचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला रुआबांध्याला, आणि गवंडी असे की ओळंब्यालाच त्यांचा धाक!

*

कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांत भूकंपाचा नकाशा आला. कुठली जमीन किती हलेल आणि तिथलं घर किती मजबूत हवं, हे त्यावरून ठरायचं. जास्त धोका तिथे गडद रंग. मी तो पेन्सिलींनी रंगवून भिंतीला लावला. आमची भिलाई कोरी, पांढरी. झोन झिरो.

नत्थूजी बराच वेळ बघत राहिले. "झिरो म्हंजे आपन फेल झालो का, बाबूजी?"

"नाही हो, पहिल्या नंबरानं पास!"

*

एकदा पायासाठी जमिनीत खांब ठोकणारा पायलिंगचा घण सुरू झाला आणि टेबलावरचे कप खडखडले. नवे हेडक्लार्क थेट मैदानात. नत्थूजी दारातून म्हणाले, "झिरोत बसून कावून भिऊन राहिले, साहेब?"

मग कुणी सर्दीला घाबरला तरी 'कशाला भितोस' असं न म्हणता आम्ही त्याला हेच ऐकवायचो.

*

क्वार्टरच्या ड्रॉइंगात दारांच्या वरून भिंतभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा होता. झिरोत त्याची गरज नाही, असं ठरलं. मीच तो खोडला.

"पट्टा काढला तं पँट कशावर राहीन?" नत्थूजी म्हणाले. आम्ही हसलो आणि क्वार्टर बिनपट्ट्याचे झाले.

*

त्यांची लेक कमला पश्चिमेकडे एका धरणाच्या वसाहतीत राहायची, जावई तिथे कामाला. तिचं पत्र आलं. नत्थूजींना वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. जमीन गुरगुरते, भांडी वाजतात, लेकराला घेऊन घरी येऊ का?

"बोलावू का तिले, बाबूजी?"

मी नकाशावर बोट ठेवलं. तिथेही पांढरंच होतं. "झिरो आहे नत्थूजी, राहू द्या तिला." त्या बोटाची मला आजही लाज वाटते.

उत्तराचं कार्ड मीच लिहिलं. शेवटी गंमत म्हणून त्यांचंच वाक्य टाकलं: झिरोत बसून कावून भिऊन राहिली तू? ऐकून नत्थूजी पोटभर हसले.

*

त्या हिवाळ्यात ती वसाहत भूकंपात पडली. कमला गेली, लेकरूही गेलं.

नत्थूजी तिकडे जाऊन आले आणि सरळ ऑफिसात आले. बसले नाहीत. खिशातून मातीनं भरलेलं एक कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

"तिच्या पेटीत होतं. मले वाचता येत नाही. तुमचं अक्षर हाये, तुमीच ठेवा."