नानांची मांडणी

मी नानांकडं दोन वर्षं गिटार शिकले आणि त्या दोन वर्षांत मला एकही गाणं वाजवता आलं नाही. ही तक्रार नाही. नाना स्वतःच हे अभिमानानं सांगायचे. कुणी नवं पोरगं खांद्याला गिटार लटकवून दारात आलं की नाना त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायचे. "गाणं पायजे असंल तर टेपरेकॉर्डर घे. हितं मांडणी शिकवत्यात." त्या काळात बारामतीत गिटार शिकायला निघणारं पोरगं कॉलेजच्या गॅदरिंगवर डोळा ठेवूनच निघायचं. ते चप्पल काढावी की परत घालावी या विचारात बराच वेळ दारात घुटमळायचं.

नाना माळेगावला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि कॉलनीतल्या दोन खोल्यांत राहायचे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांपुढं त्यांना जेवायला फुरसत नसायची, त्यामुळं क्लास बंद. हंगाम संपला की क्लास सुरू. म्हणजे पावसाळ्यात जे शिकायचं ते हिवाळ्यात विसरायचं आणि उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, असा आमचा अभ्यासक्रम होता. नानांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जमीन पड टाकली की कस वाढतो, असं त्यांचं म्हणणं. आमचा कस वाढल्याचं मात्र कधी दिसलं नाही.

मी मूळची इंदापूरकडची. घरी डाळिंबं आणि भाजीपाला. कॉलेजसाठी बारामतीला मावशीकडं राहात होते. मामेभावानं पुण्याहून आणलेली आणि महिन्याभरात कंटाळून टाकलेली गिटार माझ्याकडं आली, म्हणून मी शिकणार. वडिलांनी परवानगी दिली, कारण शिवणक्लासला सुया टोचतात, यात तसलं काही नसावं अशी त्यांची समजूत होती. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं सोलली तेव्हा मी ती घरी कुणाला दाखवली नाहीत.

आता मांडणी म्हणजे काय ते सांगते. पेटीवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्या सुरांचा सगळा हिशोब बदलतो, बोटं नव्यानं बसवावी लागतात. गिटारीचं तसं नाही. डाव्या हाताची बोटं सहा तारांवर एका ठरावीक आकारात फिरवली की सा रे ग म वाजतं, आणि तोच आकार जसाच्या तसा दांडीवर एक घर पुढं सरकवला की पुढच्या पट्टीतलं सा रे ग म वाजतं. सगळ्यात जाड तारेवर चौथ्या घरात मधलं बोट ठेवलं की काळी चार. तिथून हात उचलून वर नवव्या घरात ठेवला की काळी एक. बोटांची चाल तीच. नानांनी तरुणपणी पुण्यात कँपातल्या एका वर्कशॉपमध्ये काही दिवस काम केलं होतं. तिथल्या एका गोवेकर साहेबानं त्यांना हा एक आकार शिकवला, एक जुनी गिटार दिली आणि तो गोव्याला निघून गेला. तेवढ्या शिदोरीवर नाना परत आले आणि गुरू झाले.

पण शिकवणं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. नाना कऱ्हाटीचे. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की सगळं कुटुंब कळप घेऊन कोकणाकडं उतरायचं. आज या माळावर मुक्काम, उद्या त्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला गिटारीला हात लावू दिला नाही. अंगणात खडे मांडले. "ही चूल. ही वाघर, म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी. हितं घोडं बांधायचं, तितं कुत्री. आई अंधारात सुदिक उठून बरोबर पाण्याच्या घागरीवर हात ठेवायची. गाव कुठलं हाय ते तिला ठावं नसायचं, पर घागर कुठं हाय ते ठावं असायचं. रोज जागा नवी, मांडणी तीच." मग सगळे खडे उचलून त्यांनी चार हात पलीकडं पुन्हा तसेच मांडले आणि म्हणाले, "ही काळी चार. ती काळी एक. कळलं का?" मला कळलं. पुढं पुण्यात पुस्तकं वाचली, त्यांत इतकं सरळ कुणी सांगितलेलं नव्हतं.

नियम मात्र कडक. मांडणीबाहेर बोट टाकायचं नाही. चुकून कुणाचं बोट आकार सोडून खालच्या घरात गेलं, तर वाघरीबाहेरचं मेंढरू लांडग्याचं, असं म्हणून नाना स्वतःच्या हातानं ते बोट उचलून जागेवर आणून ठेवायचे.

एकदा मला एक युक्ती सुचली. मांडणीतली घरं काही केल्या लक्षात राहात नव्हती, म्हणून मी माझ्या पाकिटातल्या टिकल्या गिटारीच्या दांडीवर चिकटवल्या. सा ला लाल, बाकीच्यांना काळ्या. काळी चार सुरेख वाजू लागली. नाना म्हणाले, आता एक घर पुढं सर. मी हात सरकवला, पण टिकल्या कुठल्या सरकणार? सगळे सूर चुकीच्या दारात जाऊन उभे राहिले. नानांनी गिटार हातात घेऊन न्याहाळली. "ही गितार हाय का नवरी?" आणि अंगठ्याच्या नखानं एकेक टिकली खरवडून काढली. "खुणंवर जो चालतो त्यो मुक्काम हलला की वाट चुकतो. खुणा बोटात पायजेत." काकी, म्हणजे नानांच्या मंडळी, चहा घेऊन आल्या होत्या. कपाळावर रुपयाएवढी मखमली टिकली लावायच्या त्या. त्यांनी खाली पडलेल्या टिकल्या वेचून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवल्या आणि माझ्याकडं बघून हसल्या. नंतर आम्हा प्रत्येकाला कधी ना कधी हा मोह झाला, पेनच्या खुणांचा, खडूच्या, चिकटपट्टीच्या. नानांच्या नखातून काही सुटलं नाही.

कारखान्यात नानांची चेष्टा व्हायची. मेंढक्याच्या पोरानं पावा सोडून हे काय धरलंय, असं लोक तोंडावर म्हणायचे. मेहुणे तर गिटारीला तुणतुणंच म्हणायचे. नाना ऐकून घ्यायचे आणि एवढंच सांगायचे, की सगळ्या तालुक्यात ही मांडणी येणारा माणूस एकच हाय. त्यांची सगळी ऐट त्या एका आकारावर उभी होती. तो काढून घेतला असता, तर वजनकाट्यावरचा एक कामगार तेवढा उरला असता.

ती ऐट एकादशीच्या भजनात बघावी. कॉलनीच्या देवळात बुवा गायचे, तात्या पेटी धरायचे आणि नाना गिटार घेऊन कोपऱ्यात बसायचे. बुवांचा गळा सर्दीनं बसला आणि त्यांनी ऐन वेळी पट्टी उतरवली, की तात्या कावरेबावरे व्हायचे आणि नाना शांतपणे हात खाली सरकवायचे. बिऱ्हाड हलवलं, असं माझ्याकडं बघून पुटपुटायचे. एरवी बुवांची पट्टी काळी एक. पण त्यांना खर्जात उतरायची हौस होती. सा च्या खाली नी, ध, आणि मग पंचमावर येऊन ते असे काही थांबायचे की ऐकणाऱ्याचा जीव त्यांच्याबरोबर खाली जायचा. नेमके तेव्हा नाना डोळे मिटून घ्यायचे. हात थांबायचा, मान डुलायची. बाया मुलांना दाखवायच्या, बघा, अशी तंद्री लागली पाहिजे. दोन म्हाताऱ्या तर बुवांना सोडून नानांना हात जोडायच्या.

मला मात्र माझ्या बोटांनी खरं कारण सांगितलं होतं. नानांच्या मांडणीत सा च्या खाली एक निषाद तेवढा होता. त्याखाली जागाच नव्हती, आणि मांडणीबाहेर बोट टाकायचं नाही हा नियम त्यांनी आधी स्वतःला लावला होता. एकदा देवळातून परत येताना मी धीर करून विचारलं, तर ते रागावले नाहीत. "पंचम लई गोड लावतो गडी. मला बी लावावासा वाटतो. पर आपल्याकडं खाली जागा न्हाय." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "लोकास्नी वाटतंय देव दिसतोय. दिसू द्या."

पुढं मी नोकरीला पुण्यात गेले. तिथं एका क्लासात नाव घातलं. शिकवणारा माझ्याच वयाचा, केस मागं बांधलेला. त्यानं विचारलं, किती आकार येतात? मी म्हटलं, एक. तो म्हणाला, "आणि बाकीचे?" बाकीचे चार होते. त्यातला एक पाचव्या तारेवरून सुरू व्हायचा. काळी एकचा तोच सा, पण खाली चौथ्या घरात, आणि त्याच्या बुडाशी, जाड तारेवर, निषाद, धैवत आणि पंचम ओळीनं बसलेले. मी तो पंचम वाजवला आणि मला रडूच आलं. त्या मुलाला वाटलं, बोट दुखलं.

नानांना हे सांगायचं की नाही, यात माझा एक अख्खा हंगाम गेला. सांगावं तर ज्या मांडणीवर माणूस ताठ उभा होता ती पाचातली एक निघते. न सांगावं तर पंचम येतो आणि ते डोळे मिटतात. शेवटी मे महिन्यात गेले. काकींनी चहा ठेवला. नानांनी नेहमीच्या रुबाबात विचारलं, पुण्यात काय निराळं शिकवत्यात? मी त्यांचीच गिटार घेतली, पाचव्या तारेवर काळी एकचा सा लावला आणि तिथून खाली पंचमापर्यंत उतरले.

नाना माझ्या बोटांकडं बघत होते. मला वाटलं, झालं, आता परत या घरात पाऊल टाकायची सोय राहिली नाही. मग ते उठून अंगणात गेले, खडे गोळा केले आणि पायरीजवळच्या उतारावर मांडू लागले. चूल वर, वाघर खाली, घोडं आडवं. "उतारावर मुक्काम पडला की माझा बा मांडणी बदलायचा," ते म्हणाले. "रानाला मांडणी न्हाय बसली तर मांडणीनं रानाला बसायचं. ध्यानातच न्हाय राह्यलं बघ माझ्या." आणि माझ्यापुढं मांडी घालून बसले. "पुन्यांदा दाव. सावकाश." पन्नाशी ओलांडलेला तो माणूस बोटं चुकत होता आणि प्रत्येक चुकीला स्वतःच्याच हातावर चापट मारत होता. निघताना मला म्हणाले की बाकीचे तीन आकार पुढच्या मे महिन्यात, एवढ्यात नको, हे एक रान आधी पायाखाली घालू दे.

पुढचा मे त्यांना मिळाला नाही. हंगाम संपता संपता वजनकाट्यावरच छातीत दुखू लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मला उशिरा कळलं. मी आईला घेऊन भेटायला गेले तेव्हा काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं, आणि त्या गोल जागेची कातडी बाकीच्या कपाळापेक्षा उजळ दिसत होती. मला तिकडं बघवेना. नाना गेल्याचं मला त्या क्षणी खऱ्या अर्थानं कळलं.

काकींनी खुंटीवरची गिटार काढून माझ्या मांडीवर ठेवली. दांडीवर टिकल्या होत्या. सा ला एक मोठी लाल, बाकी सगळ्या मरून रंगाच्या, काकींच्या पाकिटातल्या. चौथ्या घराच्या आसपास, मी दाखवलेली, उतारावरची मांडणी.

"माझ्या टिकल्या संपवल्या त्यांनी," काकी म्हणाल्या. "मी भांडायची. म्हनायचे, पोरांम्होरं बोलू नगंस. कुनी आलं की वरून पंचा टाकायचे." मग म्हणाल्या, "बुवा परवा सांगत हुते, औंदा भजनात नाना डोळं उघडं ठिवून वाजवायचे."

मी नकळत एका टिकलीच्या कडेला नख लावलं. काकींनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे तितंच. मला आता कुठं लागत्यात."

वाजव म्हणाल्या, म्हणून मी मोठ्या लाल टिकलीवर बोट ठेवलं आणि एकेक सूर खाली उतरू लागले. वरच्या टिकल्या अजून कोऱ्या होत्या. खालच्या पंचमाच्या टिकलीची मखमल पार झिजून गेली होती.