अप्पांचा सरळ चेंडू

काखेत घडी केलेला पंचा दाबून अंगणात काठी फिरवणारा माणूस अख्ख्या गुलबर्ग्यात एकच होता आणि तो माझा बाप होता. अप्पा निजामाच्या तालुकदार कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारे कारकून. तालुकदार साहेबांना गोल्फ खेळायला जोडीदार हवा होता. त्यांनी आपल्या जुन्या काठ्या अप्पांना दिल्या आणि आमच्या घरात हे वेड शिरलं.

गावाबाहेरच्या माळावर खेळ चाले. गवताचं नाव नाही, चेंडू घालायच्या खड्ड्याभोवती हिरवळीऐवजी तेल पाजलेली वाळू. सुरुवातीला अप्पांचा एक चेंडू बाभळीत जाई, तर दुसरा शेजारच्या तुरीत. ते अगदी मनापासून हरत, म्हणूनच साहेबांचे लाडके होते. पण अप्पांना स्वतःचीच लाज वाटे.

मग रोज आंघोळीआधी अंगणात सराव सुरू झाला. चेंडू नाहीच, जमिनीवर फक्त एक चिंचोका. काखेतला पंचा निसटला की तो फटका बाद. "काठी वर न्यायला घाई करायची न्हाई. खाली ती आपसूक येती," हे ते मला, आईला आणि दूध घालायला आलेल्या गवळ्यालाही सांगत. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारत, "पेशकार, माशा मारायलाव का?" अप्पा मान वळवत नसत. मान हलली की फटका हुकतो म्हणे.

वर्षभरात चेंडू सरळ जाऊ लागला आणि तसतसा साहेबांचा चेहरा उतरत गेला.

त्याच साली बदल्या निघायच्या होत्या. मी सातवीत होते. अप्पांना चिंचोलीला पाठवलं तर माझी शाळा सुटणार, कारण तिथं मुलींना चौथीपुढं शाळाच नव्हती. बदल्या साहेबांच्या हातात होत्या. शुक्रवारी, निजामी सुट्टीच्या दिवशी, अप्पा माळावर निघाले, तेव्हा आईनं दारातच सांगितलं, "आज हरून या."

"व्हय," अप्पा म्हणाले.

ते जिंकून आले.

"एक चेंडू वाकडा मारता आला न्हाई तुमाला?" आईनं विचारलं.

"मारायला गेलो की. हात वाकडा जाईना झालाय आता."

आठवड्यात हुकूम आला. आम्ही चिंचोलीला गेलो, माझी शाळा सुटली, पुढं लग्न झालं. अप्पांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझी त्यांच्यावर फार माया होती. ते खोटं बोलले, असं मला कधी वाटलं नाही. हात ऐकत नव्हता, हे खरंच असेल. माझ्यासाठी तरी त्यानं ऐकायला हवं होतं.