नुसत्या सवालांचं पुस्तक

बिरू गेल्याचं मला पाटणला कळलं. माझी बदली तिकडं झाली होती आणि शाळेसमोरच्या किराणा दुकानात गावाकडचे फोन यायचे. दुकानदार सकाळी पुडी बांधता बांधता म्हणाला, "मास्तर, आटपाडीकडनं फोन आला व्हता बघा. तुमचं ते ढोलवालं वारलं म्हणं." फोन आदल्या दिवशीचा होता. तो निरोप द्यायला विसरला होता. मी पैसे दिले आणि पुडी उचलून निघालो. राग साठवून ठेवायची मला जुनी सवय आहे, आणि तो कुठं खर्चायचा हे दुसऱ्याच दिवशी समोर आलं.

तीन गाड्या बदलून गावात उतरलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. चौकात दोन खांबांना कापडी फलक बांधला होता. वर मोठ्या अक्षरांत मेळा समितीच्या अध्यक्षाचं नाव, त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि अगदी तळाला, जागा उरली होती म्हणून असावं, बिरूचं नाव. या अध्यक्षाचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्याला नाव छापून यायची फार हौस आहे आणि ती माझ्या हातून पुरी व्हावी अशी माझी इच्छा नाही. दीड महिना झाला आता. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन स्वच्छ असावं. बिरूबद्दल माझं मन स्वच्छच आहे... बाकीच्यांची हमी मी देत नाही.

आम्ही दोघं एका गल्लीतले, धनगराची पोरं. दिवाळी झाली की दोघांचे बाप एकाच वाड्यानं, म्हणजे मेंढपाळांच्या एकाच तांड्यानं, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायचे. त्याच वाटेवर बिरू ढोल शिकला आणि ओव्या शिकला. मी पुढं शाळेत गेलो, मास्तर झालो, पण ओव्यांतली माझी जागा सुटली नाही. आमच्या गावची जी ओवी आहे, दुष्काळात मेंढरं घेऊन निघालेल्या बारा जणांची, ती एकट्यानं म्हणायची नसतेच. पुढचा गडी सवाल टाकतो, मागचा गडी जबाब देतो. पुढचा बिरू, मागचा मी. बिरू विचारायचा, "तलाव आटला, आड आटला, पाणी गावलं कुठं गा?" मग ढोलाचे चार ठोके, आणि मी म्हणायचो, "धाकटीच्या डोळ्यांत व्हतं, तिथंच तांब्या भरला गा." पुढच्यानं जबाबाला हात लावायचा नाही, मागच्यानं सवालाला. ही आमच्याकडची शिस्त आहे, आणि तिच्यापायी पुढं काय काय झालं तेच मला सांगायचं आहे.

नव्वद सालानंतर आमच्या जत्रेत व्हिडिओचे तंबू आले. बिरोबाच्या देवळापुढं ढोल वाजायचा आणि ऐकायला देव सोडून कुणी नसायचं. बिरूनं त्याचा बाऊ केला नाही. तो उठला, कमरेला हळदीच्या भंडाऱ्याची पिशवी बांधली आणि वाड्यावस्त्यांवर चालत निघाला. जतच्या कडेपर्यंत गेला. प्रत्येक म्हाताऱ्या ढोल्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, हातात सुपारी ठेवायची आणि म्हणायचं, "आवं, चैत्रात आमच्या देवळाम्होरं यायचं. ढोल घिऊन यायचं. मरायच्या आदी एकदा वाजवू." भंडारा लावून दिलेलं बोलावणं आमच्यात कुणी मोडत नाही. त्या चैत्रात सगळे आले. मांडव नव्हता, माईक नव्हता. देवळापुढच्या माळावर ढोल मधे ठेवून पांढऱ्या अंगरख्यातले म्हातारे रुमाल उडवत गोल फिरायला लागले तेव्हा व्हिडिओच्या तंबूतली माणसं उठून बाहेर आली. बायकांनी घरातल्या जुन्या घोंगड्या, लोकर कातरायच्या कातरी, चकमकीचे बटवे आणून देवळाच्या ओट्यावर मांडले. आपल्या गावाकडं बघण्यासारखं काही आहे, हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. बिरूच्या डोळ्यांत मी तेव्हा जो अभिमान बघितला तो नंतर कधी बघितला नाही, आणि तो कुणी घालवला हे मला चांगलं ठाऊक आहे.

दोन जत्रा अशा झाल्या. तिसऱ्या वर्षी समिती झाली. समिती झाली म्हणजे अध्यक्ष आला, अध्यक्ष आला म्हणजे मांडव आला, मांडवात खुर्च्या आल्या आणि खुर्च्यांत बसायला पाहुणे आले. पाहुण्यांना घाई असते. एका वर्षी म्हातारे रंगात आले असताना अध्यक्षानं माईकवरून सांगितलं, "पाच मिनिटांत आटपा, साहेबांना पुढं जायचंय." बिरूनं ढोल थांबवला. जतकडचे म्हातारे दोन दिवस चालून आलेले होते. त्यांनी रुमाल कमरेला खोचले आणि सावलीला जाऊन बसले. मग बिरूचा सत्कार झाला, शाल दिली. ती शाल त्यानं घरी नेऊन ढोलावर झाकली. "ह्येला धूळ बसती, मला न्हाई बसत," म्हणाला.

आता माझी चूक. ती लपवून दुसऱ्यांना शिव्या देणं बरोबर नाही. अध्यक्षाला एकदा स्मरणिका काढायची लहर आली, 'आमचा वारसा' वगैरे. ओव्या लिहून ठेवायला हव्यात असं त्यानं म्हटलं आणि मी मास्तर... छापलेलं टिकतं यावर माझा विश्वास. मीच त्याला बिरूच्या घरी घेऊन गेलो, मीच बिरूला गळ घातली. बिरू म्हणाला, "तू म्हंतोस म्हणून व्हय म्हंतो. त्यो म्हंतोय म्हणून न्हाई." टेप करायच्या दिवशी मात्र मला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला सांगलीला जावं लागलं. अध्यक्ष टेपरेकॉर्डर घेऊन एकटाच गेला. बिरूनं सवाल टाकायचा आणि थांबायचं, सवाल टाकायचा आणि थांबायचं, असं दुपारभर केलं. माझ्या जबाबाला जेवढा वेळ लागतो तेवढाच तो थांबायचा, हे मला हौसावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, नंतर सांगितलं. त्यानं अध्यक्षाला बजावलंही होतं, "ह्येचा जबाब मास्तर देत्यात. त्येंस्नी येऊ द्या." अध्यक्ष म्हणाला, "ते नंतर बघू." आणि शेवटचा सवाल बिरूनं टेपपुढं म्हटलाच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "त्यो तुज्याबिगर म्हणायचा न्हाई, गड्या."

स्मरणिका निघाली. वर अध्यक्षाचा फोटो, आत 'संकलन व शब्दांकन' म्हणून अध्यक्षाचं नाव, बिरूचा उल्लेख आभाराच्या यादीत, मांडववाल्याच्या नंतर. आणि ओव्या? नुसते सवाल. पाणी गावलं कुठं गा, मेंढरं निघाली कुठं गा, पोर हरवली कुठं गा. पानामागून पान माणूस विचारतोच आहे आणि कुणी उत्तर देत नाही. मधे बिरू थांबला होता तो श्वास घ्यायला, असं त्या शहाण्याला वाटलं होतं.

त्या चैत्रात स्मरणिकेचं प्रकाशन झालं आणि ऑर्केस्ट्रातली चार तरुण मंडळी पुस्तकात बघून ओव्या म्हणायला मांडवात उभी राहिली. एक सवाल झाला. ढोलाचे चार ठोके झाले. म्हाताऱ्यांनी माना पुढं केल्या. लगेच दुसरा सवाल. मग तिसरा. चौथ्याला जतकडचा एक म्हातारा काठी टेकत उठला आणि कानडी हेल काढून ओरडला, "जवाब एल्लैत्री?" जबाब कुठाय, म्हणून. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग प्रत्येक सवालाला अख्खा माळ ओरडायचा, "जबाब द्या की आवं!" अध्यक्षाच्या चेहऱ्याचा रंग उतरत चालला होता. बिरू माझ्या शेजारी खाली जमिनीवर बसला होता. जबाब माझ्या ओठावर आला, मी उठायला लागलो, तर त्यानं माझं मनगट धरलं. "बस खाली. इचारू दे त्यास्नी." मी बसलो. एवढं गोड बसणं मला आयुष्यात दुसरं आठवत नाही.

पण मेळा त्यांचाच राहिला. बिरू पुन्हा मांडवात गेला नाही. जत्रेदिवशी तो देवळामागं बसायचा आणि तिकडून लाऊडस्पीकर ऐकायचा. शेवटचा भेटलो तेव्हा त्याला धाप लागत होती. मी विचारलं, "बिरू, तुझ्यामागं सवाल कोण टाकणार?" त्यानं आत हाक मारून चहा मागितला.

दहाव्याला अध्यक्ष मला देवळाच्या कट्ट्यावर गाठायला आला. यंदाचा मेळा बिरूच्या स्मृतीला वाहायचा ठरला होता आणि स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची होती. "जबाब तेवढे तुम्ही सांगा मास्तर. तुमचंही नाव टाकू." मी त्याला पुरं बोलू दिलं. तो आमच्या वारशाबद्दल बोलला, पुढच्या पिढीबद्दल बोलला, बिरूला आपला शिष्य म्हणाला. मग मी सांगितलं, "जबाब माझ्याकडं आहेत. ते माझ्याकडंच राहणार." तो म्हणाला, "तुम्ही गेलात की ते पण जातील." मी म्हटलं, "जाऊ देत." त्याचं तोंड बघून मला जे समाधान झालं ते सांगायला मला लाज वाटत नाही.

ते समाधान घरी पोचेपर्यंतच टिकलं. अंघोळ करून एकटा बसलो आणि म्हटलं, बिरूसाठी ओवी म्हणावी. तोंड उघडलं तर काही येईना. चाळीस वर्षं म्हटलेले जबाब, पण पुढून सवाल आल्याशिवाय एकही हलेना. शेवटी कपाट उघडलं आणि ती स्मरणिका बाहेर काढली. ज्याला दारात उभं करायची माझी तयारी नाही, त्याचं नाव असलेल्या पुस्तकातून मी बिरूचे सवाल वाचायचे आणि मग माझे जबाब म्हणायचे, अशी पाळी माझ्यावर आली. बिरूचा आवाज त्या चोराच्या घरात ठेवला होता आणि तिथं तो मीच नेऊन ठेवला होता. मी त्या रात्री जेवलो नाही. पाटणला परत जातानाही पुस्तक पिशवीत होतं, आणि मी त्याला दर दोन दिवसांनी शिव्या देत देत उघडत होतो.

परवाच्या रविवारी पुन्हा गावी गेलो. बिरूच्या घरात शिरलो तर खुंटी रिकामी. ढोल नाही. शालही नाही. समितीला काचेच्या कपाटात ठेवायला ढोल हवा आहे असं मी चौकात ऐकलं होतं, आणि माझ्या अंगाची लाही झाली. हौसावहिनी चुलीपुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांना मी पाठमोरंच बघितलं आहे. आम्ही सोप्यात ओव्या म्हणायचो आणि त्या आत भाकरी थापायच्या. मी काही विचारायच्या आतच त्यांनी, मान न वळवता, हलक्या आवाजात म्हटलं,

"जाताना व्हते बारा जण, बारावा ठेवला कुठं गा?"

शेवटचा सवाल. टेपवर नसलेला, पुस्तकात नसलेला. चाल बिरूची, 'ठेवला'वरची ओढ बिरूची. बायकांनी ही ओवी म्हणायची नाही असा आमच्याकडं दंडक आहे, आणि बाईनं ती चाळीस वर्षं चुलीपुढं बसून पाठ केली होती. सवाल कोण टाकणार म्हणून विचारल्यावर बिरूनं आत हाक मारून मागितलेला तो चहा मला आठवला. त्या थांबल्या. बिरू थांबायचा तेवढंच थांबल्या. मग म्हणाल्या, "जबाब द्या की, भावजी."

मी म्हटलं, "वाटंवरच्या लिंबाखाली, वाट राखाया ठेवला गा."

भाकरी तव्यावर उलटून त्या म्हणाल्या, "पुढल्या म्हयन्यात जत्रा हाय. त्येंच्या मांडवाम्होरं, खाली मातीत बसायचं. सवाल मी टाकणार. तुमी फकस्त मागं ऱ्हावा. अध्यक्षाला लिवून घ्यायचं आसंल तर घिऊ द्या... पर कुणाची वोवी हाय ते आदी माईकवर सांगाय लावणार मी."

"बाईनं म्हटली म्हणून म्हातारे उठून जातील," मी म्हटलं.

"भंडारा लावून बोलावलंय. कोण उठतंय बघू."

मी तेव्हा पाहिलं, त्यांच्या बोटांच्या पेरांत पिवळं होतं. जतच्या कडेपर्यंत त्या जाऊन आल्या होत्या. ढोल मागच्या परसात होता, कातडं ताणून यावं म्हणून उन्हात ठेवलेला. सत्काराची शाल त्याच्याखाली अंथरली होती.