आडनाव आधी

भाड्याच्या गाडीचा विषय निघाला की मी आजही उठून स्वयंपाकघरात जाते. लोकांना वाटतं, चहा टाकायला गेली. खरं तर मी तिथं उभी राहून दातओठ खात असते.

गोष्ट दोन हजार चार सालची. मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पीएचडी करत होते आणि माझ्याकडे गाडी नव्हती. लॅब चालत बारा मिनिटांवर, वाण्याकडे जायला बस, उन्हाळ्यात सायकल. गाडी लागायची ती फक्त गावाबाहेर पडायला, आणि गावाबाहेर पडायला मला वेळ कुठे होता? त्या एप्रिलमध्ये आई पाच महिन्यांसाठी आली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आईला नायगारा बघायचा नव्हता, न्यूयॉर्क बघायचं नव्हतं. तिला तिच्या धाकट्या बहिणीला भेटायचं होतं, बस्स. माझी ही मावशी मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, तळ्याकाठच्या एका लहानशा गावात राहायची. आमच्यापासून गाडीने पाच तास. काका गेल्यावर ती तिथं एकटीच होती. दोघी बहिणींची भेट होऊन चौदा वर्षं झाली होती. आणि मावशीचं आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, म्हणजे ती कुठे येऊ शकत नव्हती. जायचं होतं ते आम्हालाच.

मी म्हणायचे, "पुढच्या वीकेंडला नक्की." मेमध्ये म्हटलं, जूनमध्ये म्हटलं, जुलैमध्ये माझा एक पेपर परत आला म्हणून म्हटलं. आई एकदाही कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर बरं झालं असतं. शेवटी उरला सप्टेंबरातला लेबर डेचा लाँग वीकेंड, कारण त्याच्या पुढच्या शनिवारी तिचं परतीचं विमान होतं. सगळी अमेरिका गाडी घेऊन घराबाहेर पडते, नेमका तोच वीकेंड.

गाडीचं बुकिंग मी आईवर सोपवलं. पब्लिक लायब्ररीत जाऊन ती इंटरनेट शिकली होती आणि तिला कोण अभिमान होता त्याचा. शिवाय तिची हयात तालुक्याच्या हायस्कूलच्या ऑफिसात गेलेली. तीस वर्षं तिने मुलांचे दहावीचे फॉर्म भरले होते. "फॉर्म भरायला मला काय शिकवतेस?" ती म्हणाली. मी शिकवलं नाही.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही गाड्यांच्या ऑफिसात पोचलो. आईने डब्यात मेथीचे ठेपले घेतले होते आणि मावशीसाठी गोडा मसाला, सहा महिने पुरेल एवढा. काउंटरवरच्या माणसाने माझं आडनाव कॉम्प्युटरवर टाकलं. मान हलवली. पुन्हा टाकलं. पुन्हा मान हलवली.

"या लास्ट नेमचं रिझर्व्हेशन नाही."

मी आईकडे वळले. "आई, तू फॉर्म भरलास तेव्हा काय लिहिलंस?"

"लिहितात तसंच. आडनाव आधी, मग तुझं नाव, मग..." ती थांबली. "तीन रकाने होते, तीनही भरले."

माझ्या लगेच लक्षात आलं. मार्कशीटवर असतं तसं. पहिल्या रकान्यात आडनाव, मधल्यात मी, आणि लास्ट नेम म्हणजे शेवटचं नाव, म्हणून तिथं वडिलांचं. तीस वर्षं ती तसंच लिहीत आली होती.

आणि मी तिच्यावर ओरडले. रांगेतले लोक बघत होते, म्हणून मराठीत ओरडले, जणू मराठीत ओरडलेलं दिसत नाही. "पाच महिन्यांत एक काम सांगितलं तुला! एक! एक फॉर्म धड भरता येत नाही? मग तीस वर्षं काय केलंस ऑफिसात?"

आईने पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"मॅम, रिझर्व्हेशन कोणत्या नावाने आहे?" तो माणूस आता सरळ तिलाच विचारत होता. तरी ती गप्प. याने माझा राग आणखी चढला आणि मग एकदम लाज वाटली, कारण ती गप्प का ते मला माहीत होतं. आईने बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात, डोहाळेजेवणात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. बँकेतसुद्धा ती पासबुक पुढे करायची. एका परक्या देशात, रांगेसमोर, ते गेल्यानंतर ती काय नाव घेणार होती?

मी अक्षरं सांगितली. त्याने ती टाकली, आणि स्क्रीनवर बघत त्याने बाबांचं नाव मोठ्याने वाचलं. ना राव, ना काही. उच्चाराची पार वाट लावून, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. आईने पदर सारखा केला.

"हं, आहे," तो म्हणाला. "पण लायसन्सवर वेगळं नाव आहे."

मी समजावायला सुरुवात केली. आमच्याकडे असं असतं, हे माझे वडील, हे माझं नाव, हा पासपोर्ट. मी पाच मिनिटं बोलत होते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "नाव मी बदलू शकतो, मॅम. पण आमच्याकडे गाडीच नाहीये. काल परत यायच्या त्या आल्याच नाहीत."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही रिझर्व्हेशनचं विचारत होतात."

आमच्या मागे एक गोरा माणूस होता. बायको, दोन मुलं, मासे धरायचे गळ. त्याचं नाव चार अक्षरी, सरळसोट, योग्य रकान्यात. त्यालाही गाडी मिळाली नाही. म्हणजे आईने फॉर्म कसाही भरला असता तरी मिळणार नव्हती. जिच्यावर मी चारचौघांत ओरडले तिची काडीची चूक नव्हती. आणि हे कळल्यावरही मी तिला सॉरी म्हटलं नाही. मला आणखीच राग आला, फक्त आता कोणावर काढावा ते कळेना.

बाहेर फुटपाथवर उभी राहून मी फोन लावत सुटले. इतर कंपन्यांकडे गाड्या नाहीत. विमानतळावर एक होती, उघड्या टपाची, आणि तिचं भाडं ऐकून मी फोनवरच हसले. माझ्या महिन्याच्या स्टायपेंडमध्ये ती दोन दिवस बसली नसती. बस मावशीच्या गावाच्या दोन तास अलीकडे थांबत होती, आणि पुढची बस उद्या. लॅबमधला नागपूरचा मित्र म्हणाला, "यार, माझी गाडी घेऊन रूममेट शिकागोला गेलाय, आधी बोलायचंस ना." गावाबाहेर राहणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी आधी हळहळ व्यक्त केली, मग म्हणाले, "दिली असती गं, पण इन्शुरन्समध्ये तुझं नाव नाही." त्यांच्या दारात तीन गाड्या उभ्या असायच्या. त्या तिन्हींचा इन्शुरन्स अखंड राहो.

"राहू दे," आई म्हणाली. "फोनवर बोलतोच की आम्ही."

हे ती ज्या आवाजात म्हणाली ना, त्याने मला रडूच यायचं बाकी राहिलं. पाच महिने मी वेळ काढला नव्हता, आणि हिने ठेपले पण करून घेतले होते.

मग तीच म्हणाली, "तो टेम्पो भाड्याने मिळतो का गं?"

रस्त्यापलीकडे घरसामान हलवायचे ट्रक लावलेले होते. विद्यार्थ्यांनी आदल्याच आठवड्यात आपापली बिऱ्हाडं हलवली होती आणि ट्रक रिकामे उभे होते. मी म्हटलं, "आई, तो ट्रक आहे."

"आपल्याकडे सगळं वऱ्हाड टेम्पोतून जातं," ती म्हणाली. "आपण तर दोघीच."

अमेरिकेत इतकी वर्षं काढून मला हे सुचलं नव्हतं. ट्रक घरसामानासाठी असतो, माणसं कारने जातात, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं. तिथल्या म्हाताऱ्याने सगळ्यात लहान ट्रक काढला. मैलामागे पैसे होते, पण त्या उघड्या टपाच्या गाडीपेक्षा खूपच कमी. फॉर्म मी भरला. "काय मूव्ह करताय?" त्याने विचारलं.

"आई," मी म्हटलं. मी चेष्टा करत नव्हते, पण तो हसला आणि सामानावर टाकायची दोन जाड पांघरुणं त्याने तशीच दिली.

आई नऊवारी नाही, साधी पाचवारी नेसली होती, तरी त्या केबिनमध्ये चढताना तिला मी मागून ढकललं. पांघरुणाची घडी तिने बुडाखाली घेतली. मागचा रिकामा खोका प्रत्येक खड्ड्यात धडाधड वाजत होता. पाच तासांचे साडेसहा झाले. मी हायवेवर सगळ्यांना शिव्या देत चालवत होते आणि ती मला ठेपल्याचे तुकडे भरवत होती. सॉरी म्हणायला साडेसहा तास होते.

मावशी दारातच उभी होती. हात सुजलेला, चेहरा मूठभर झालेला. सकाळी डायलिसिस करून आली होती, खरं तर तिने पडून राहायला हवं होतं. ट्रक बघून ती म्हणाली, "ताई, वऱ्हाड कुठंय?"

आई उतरली नाही, घसरलीच. मग त्या दोघी तिथंच, ट्रकच्या चाकाशी, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी गोडा मसाला आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मावशीने हट्ट धरला, टेम्पोत बसायचंय. दवाखाना सोडून ती कित्येक महिने कुठे गेली नव्हती. तिला पांघरुणात गुंडाळून मध्ये बसवलं आणि तळ्यापर्यंत नेलं. तिथं त्या दोघी तासभर कुणाकुणाच्या लग्नातली भांडणं उकरून काढत बसल्या. परतताना मावशीने दोनदा हॉर्न वाजवला. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. त्यांची ती शेवटची भेट, आणि माझ्या "पुढच्या वीकेंड"पायी तीही जवळजवळ हुकली होती. भाड्याच्या गाडीचा विषय निघाला की मी उठून जाते ती यासाठी.

आईच्या विमानाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, पोस्टाच्या पेटीत एक पाकीट आलं. त्या गाड्यांच्या कंपनीचं. आत छापील पत्र. तुम्ही ठरल्या दिवशी आला नाहीत याचं आम्हाला वाईट वाटलं, पुन्हा जरूर या. आम्ही आलो नाही! नऊ वाजता रांगेत उभ्या होतो आम्ही! मी ते पत्र फाडायलाच घेतलं होतं.

"थांब," आई म्हणाली. "कुणाच्या नावाने आलंय?"

मी पाकीट बघितलं. त्यांच्या कॉम्प्युटरने मधलं नाव, म्हणजे माझं, गाळून टाकलं होतं. पहिला रकाना आणि शेवटचा. आडनाव, आणि मग बाबांचं नाव. खाली माझ्या घराचा पत्ता. शाळेच्या, ऑफिसच्या कागदांवर असायचं अगदी तसं.

आईने चष्मा लावला. पाकीट हातात घेतलं आणि त्यावरचं नाव वाचलं. मोठ्याने, सावकाश, दोन्ही शब्द. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मग तिने पत्र परत आत सरकवलं, पाकिटाची कड बोटाने सारखी केली आणि ते पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं.

"फॉर्म भरताना एक चूक झालीच माझी," ती म्हणाली. "नावापुढे राव लिहायचं राहिलं."